रिकामी ठेवलेली पायरी

(लोणखेडा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



खेळ ही साऱ्या जगाची भाषा आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्या परिसरात ते पटते. लोणखेडा-शहाद्याच्या आसपास अहिराणी, गुजरी, भिली, पावरी बोलणारी घरे शेजारीशेजारी नांदतात. सातपुड्यातून आलेले पोर वर्गात पुस्तकी मराठीपुढे मुके होते. तेच कबड्डीच्या मैदानात चढाईला गेले की त्याला दुभाषा लागत नाही.

परंतु भाषा सर्वांची असली, तरी तिच्यात काय बोलावे हे ठरविण्याचा अधिकार मूठभरांनी स्वतःकडे ठेवला आहे. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीनंतर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे अमेरिकेचे दोन कृष्णवर्णीय धावपटू पदके घेण्यास अनवाणी उभे राहिले. आपल्या लोकांच्या दारिद्र्याची ती खूण होती. राष्ट्रगीत सुरू होताच त्यांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. रौप्यपदक मिळविणारा ऑस्ट्रेलियाचा गोरा पीटर नॉर्मन याने मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर लावून त्यांना साथ दिली. स्मिथ आणि कार्लोस यांची संघातून हकालपट्टी झाली. जगाची म्हणविणाऱ्या भाषेतले हे एक वाक्य तिच्या मालकांना सोसले नाही!

पुढे २००५ साली, ज्या सॅन होजे विद्यापीठात ते दोघे शिकले, तिथे त्या प्रसंगाचे शिल्प उभे राहिले. रिगो २३ अशा विलक्षण नावाने काम करणाऱ्या कलावंताने ते घडविले. त्यात नॉर्मनची पायरी रिकामी आहे. तशी त्याचीच इच्छा होती, कारण येणाऱ्या कोणालाही तिथे उभे राहता यावे. सार्वजनिक कला म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उत्तर मला ठाऊक नाही.

आपल्याकडे काय दिसते? १ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. शिल्पकार प्रमोद कांबळे यांच्या कसबाविषयी शंका नाही. पण तो पुतळा मैदानाच्या आत, तिकीटवाल्यांच्या वाटेवर आहे.

याउलट खाशाबा जाधव आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला गेला तो लोकवर्गणीच्या बळावर. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझपदक आणले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. ते परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव फार पुढे, २०१० च्या सुमारास मिळाले. माझ्या मते त्यांचे पहिले स्मारक त्या बैलगाड्याच होत. त्यांत जो तो चढून बसू शकत होता.

उद्या आपल्या गावातही कोणी पुतळ्याची वर्गणी मागील. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र आधी खेळाची जागा मागा. मैदान नसलेल्या गावात खेळाडूचा पुतळा म्हणजे विहीर न खणता बांधलेली पाणपोई. जागा मिळाली की कडेच्या भिंतीवर धावणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या, खो देणाऱ्या पोरापोरींची चित्रे गावातल्याच हातांनी काढू. शेजारी तीन पायऱ्यांचा साधा ओटा बांधू आणि त्यावर कोणालाच बसवू नये.

जागेचा विषय ग्रामसभेत लेखी मांडावा लागेल. अर्ज कोण लिहिणार आणि पाड्यांवरच्या बायाबापड्यांना सभेला कोण आणणार, हे उठण्यापूर्वी ठरवू या.