शितावरून भाताची परीक्षा पुरते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासदांपैकी एकीने चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मागच्या वर्षांत कुणी पाककृतीवर बोलल्या, कुणी मुलांच्या आरोग्यावर बोलल्या. माझा विषय ऐकून काहीजणी गालात हसतील. शिक्षण सातवीपर्यंत, आणि मी बोलणार आहे संगणकाकडून प्रमेये सिद्ध करून घेणे आणि संगणकाच्या भाषा या विषयांतल्या संशोधनावर! परंतु हा विषय आमच्या घरात आला आहे, आणि आपल्या मुली ज्या वेगाने शिकत आहेत तो पाहता उद्या तुमच्याही घरात येईल, म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

इंदापूरच्या माझ्या दिरांची थोरली मुलगी या विषयात पीएच.डी. करीत आहे. तिचे हे चौथे वर्ष. कुठेही हळदीकुंकवाला गेले की जाऊबाईंना विचारणा होते, "पोरगी अजून शिकतेच का? डॉक्टर होणार म्हणजे दवाखाना कुठे घालणार?" जाऊबाईंना उत्तर देता येत नाही. मलाही येत नव्हते. तेव्हा सुट्टीत ती बारामतीला आली असता मी तिला म्हटले, "बाई, तू काय करतेस ते मला समजेल असे सांग." तिने सांगितले ते, आणि त्यानंतर मी तिच्याकडून विचारून विचारून घेतले ते, आज तुमच्यापुढे ठेवते.

आपण भात शिजला की नाही हे कसे पाहतो? एक शीत काढून दाबतो. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपल्या आज्यांपासून चालत आली आहे आणि ती खरीही आहे. कारण पातेल्यातल्या सगळ्या दाण्यांना एकच आच लागलेली असते. परंतु आकड्यांना एकच आच लागलेली नसते. तिने मला एक हिशेब दिला. कोणताही आकडा घ्या, त्याला त्यानेच गुणा, त्यात तोच आकडा मिळवा आणि वर ४१ मिळवा. १ घेतला तर ४३ येतात, २ घेतले तर ४७, ३ घेतले तर ५३. या उत्तरांना १ आणि स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही. शून्यापासून ३९ पर्यंत चाळीस आकडे घेतले तरी एकही उत्तर फुटत नाही. चाळीस शिते शिजलेली निघाली! मग कुणीही म्हणेल, भात झाला, उतरवा. पण ४० घ्या. उत्तर १६८१ येते, आणि ते सरळ ४१ गुणिले ४१ आहे. मी स्वतः पाटीवर करून पाहिले.

हे नुसते शाळेतले कोडे नव्हे. १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम नावाच्या चिपमध्ये काही भागाकार चुकत असल्याचे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी उघडकीस आणले. भागाकारासाठी चिपमध्ये एक कोष्टक बसवलेले होते, आपल्या पाढ्यांच्या कोष्टकासारखेच. त्यातली काही घरे भरायची राहून गेली होती. बहुतेक भागाकारांची त्या घरांशी गाठच पडत नाही, म्हणून माल बाजारात येईपर्यंत दोष निसटून गेला. चिपा बदलून देण्यासाठी कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. तेव्हापासून असल्या कंपन्या भागाकार नुसता तपासून थांबत नाहीत, तो नेहमी बरोबरच येईल हे सिद्ध करून घेतात. माझ्या पुतणीचे शास्त्र ते हेच.

आता तुम्ही म्हणाल, आकडे तर संपत नाहीत, मग सगळ्यांसाठी सिद्ध कसे करायचे? मीही हेच विचारले. ती म्हणाली, "काकू, तुम्ही रानात दारे धरली आहेत ना? उतरत्या रानात वाफे आहेत असे धरा. प्रत्येक वाफ्याचा बांध असा घातला आहे की तो वाफा भरला की पाणी खालच्यात उतरणारच. हे एकदा पक्के दाखवले, आणि पहिल्या वाफ्यात पाणी सोडले, की शेवटपर्यंत चालत जाऊन बघावे लागत नाही. वाफे शंभर असोत की लाख, सगळे भिजणार." भगिनींनो, नीरेच्या पाटावर आमचा जन्म गेला, पण पाण्यात गणित आहे हे मला तेव्हा कळले.

मग यात संगणक कशाला हवा? माणूस सिद्ध करताना "हे उघडच आहे" म्हणून पायरी गाळतो, आणि घात तिथेच होतो. शाळेत मुले तालुक्यांचा नकाशा रंगवतात. बारामतीला एक रंग दिला की इंदापूर, दौंड, पुरंदर यांना तो देता येत नाही, कारण त्यांच्या शिवा लागून आहेत. कागदावरचा कसलाही नकाशा असा रंगवायला चार रंग पुरतात, असे १८५२ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गथ्री या तरुणाला वाटले. ते सिद्ध व्हायला १९७६ साल उजाडले. ॲपेल आणि हाकेन या दोघांनी अमेरिकेत संगणकाकडून शेकडो प्रकार तपासून घेऊन ते केले. परंतु लोक म्हणाले, यंत्राने तपासले हे खरे, पण यंत्राला कुणी तपासले? शेवटी २००५ साली जॉर्ज गोंतिए यांनी त्या प्रमेयाची सिद्धता एकही पायरी न गाळता संगणकाला समजावून दिली आणि तो वाद मिटवला.

अशा यंत्रावर विश्वास का ठेवायचा, याचे उत्तर रॉबिन मिल्नर या इंग्रज शास्त्रज्ञांनी दिले. आपल्या मंडळात वर्गणी मागायला कुणीही फिरो, पावतीवर सही फक्त खजिनदारबाईंची चालते. तसेच त्यांनी केले. संगणकात कितीही मोठी खटपट करा, पण "हे सिद्ध झाले" असा शिक्का मारण्याचा अधिकार अगदी थोड्या, नीट पारखलेल्या नियमांनाच. आणि हा निर्बंध पाळण्यासाठी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७० नंतरच्या दशकात एडिंबरा येथे एमएल नावाची संगणकाची नवी भाषाच तयार केली. १९९१ सालचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. प्रमेये सिद्ध करणारे आणि भाषा घडविणारे एकाच घरात का नांदतात, ते यावरून ध्यानात येते.

चांगली भाषा चुकीचे बोलूच देत नाही. आपल्याला गुरुजींनी सांगितले होते की लिटरमध्ये रुपये मिळवायचे नाहीत. हाच नियम भाषेत घालता येतो. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे मंगळाकडे पाठवलेले यान नष्ट झाले, कारण जमिनीवरच्या एका कार्यक्रमाने जोर पौंडात मोजून दिला आणि दुसऱ्याने तो मेट्रिक मापात आहे असे धरले. शेराने मापून लिटरचा भाव लावावा, त्यातलाच प्रकार.

हे सारे साहेबांच्या देशातले, आपले कोण, असे मी विचारले. त्यावर तिने प्राध्यापक राजीव अलूर यांचे नाव सांगितले. त्यांचा जन्म पुण्याचा. कानपूरच्या आय.आय.टी.तून ते १९८७ साली पदवीधर झाले, १९९१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. घेतली, बेल प्रयोगशाळेत काम केले आणि १९९७ पासून ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अध्यापन करू लागले. डेव्हिड डिल यांच्यासह १९९४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात रेल्वेच्या फाटकाचे उदाहरण आहे. बारामती ते दौंड लोहमार्गावर आपण फाटक पाहिले आहे. गाडी जवळ आल्याची वर्दी मिळाल्यापासून फाटक अमुक वेळात खाली आलेच पाहिजे, आणि गाडी गेल्यावर अमुक वेळात उघडले पाहिजे. गाडी फाटकात आणि फाटक उघडे, असे कधीच होणार नाही हे घड्याळासकट सिद्ध करण्याची रीत त्या दोघांनी घालून दिली. त्या कामाचा गौरव २००८ आणि २०१६ साली झाला, आणि २०२४ साली अलूर यांना त्यांच्या एकंदर कार्याबद्दल नूथ पारितोषिक मिळाले. १९९४ चा लेख, २०१६ चा सन्मान! मधली वर्षे मोजा.

मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक धनंजय धामधेरे यांनी संगणकाच्या भाषांतरकारांवर, म्हणजे कंपायलरवर, काम केले. मसाला एकदा वाटला असेल तर पुन्हा वाटू नये, हे संगणकाला कसे कळावे, असा त्यांचा विषय. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर पुणे विद्यापीठात शिकवून पुढे त्याच आय.आय.टी.त प्राध्यापक झाले. २००९ साली या विषयावर त्यांचा जो इंग्रजी ग्रंथ निघाला, त्यावर अमिताभ सान्याल यांच्याबरोबर बागेश्री करकरे या आपल्या भगिनीचेही नाव आहे. आणि इंदापूरहून पुण्याला जाताना एस.टी. ज्या हडपसरावरून जाते, तिथे टाटांचे संशोधन केंद्र १९८१ साली सुरू झाले. टाटांच्या संशोधकांनी कार्यक्रमांतले दोष शोधणारे व्हेरिॲब्स नावाचे साधन तयार केले, आणि २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते एका मुख्य विभागात पहिले आले. त्यावरच्या लेखांतही बायकांची नावे आहेत.

आता घरची गोष्ट. गेल्या दिवाळीत इंदापूरला बैठक बसली. एक चांगले स्थळ आले होते, आणि त्यांना लग्न लगेच हवे होते. त्यातच पुतणीचा एक लेख परत आला होता. दीर म्हणाले, "चार वर्षांत एक लेख, तोही नापास. बरोबरीच्या पोरी पुण्यात कंपनीत लागून फ्लॅट घेऊन बसल्या." ती म्हणाली, "आबा, लेख खोटा म्हणून परत आला नाही. तिसऱ्या पायरीवरून चौथीवर कशी आलीस, एवढेच परीक्षकांनी विचारले आहे. तेवढे मला पक्के करू द्या." मग तिने एक दाखला दिला. ऑस्ट्रेलियात २००९ साली संगणकाच्या एका लहानशा गाभ्याची सिद्धता पुरी झाली. कार्यक्रम सुमारे ८,७०० ओळींचा, आणि सिद्धता दोन लाख ओळींची! त्याला कित्येक माणसांची कित्येक वर्षे लागली.

सगळे गप्प बसले. तेव्हा आमच्या सासूबाई, ज्यांना सहीसुद्धा जेमतेम येते, म्हणाल्या, "आडसाली ऊस लावतोस, तेव्हा दहाव्या महिन्यात तोड मागतोस का रे?" दिरांनी मान खाली घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. स्थळाकडच्या मंडळींना तसे कळवले. ते थांबले नाहीत. जाऊबाईंच्या डोळ्यांना पाणी आले, ते मी पाहिले आहे. सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. लेख पुन्हा पाठवला आहे, उत्तर यायचे आहे.

भगिनींनो, अशी मुलगी बापाच्या जिवावर बसून खाते हा समजही मनातून काढा. केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाला. माझी पुतणी अशाच शिष्यवृत्तीवर शिकते आणि धाकट्या भावाची फीही भरते.

माझे मागणे दोनच. आपल्या ओळखीत अशी मुलगी असेल तर तिला "कधी संपणार" असे विचारण्याऐवजी "कुठवर आले" असे विचारा. शब्द तेवढेच लागतात, पण तिच्या आईची मान वर राहते. आणि घरातल्या लहान मुलीने "कशावरून?" असे विचारले तर तिला उलट बोलते म्हणून दटावू नका. चाळीस शिते बरोबर निघाल्यावरही एकेचाळिसावे दाबून बघणारी पोर आपल्याला स्वयंपाकघरात त्रासाची वाटते खरी. पण फाटकावरून जाताना, बँकेतून पैसे काढताना, दवाखान्यातल्या यंत्राखाली झोपताना, आपला जीव असल्याच कुणीतरी "कशावरून?" म्हणून विचारले होते यावर असतो.