पाण्याचं बिल कुणाच्या नावावर?



नळ आला की आपण हंडा लावतो. पाणी कुठनं आलं, विचारत नाही. आज विचारायचं.

वसई-विरारला पाणी येतं पेल्हार, उसगावातून. आणि सगळ्यात जास्त सूर्येच्या धामणी धरणातून. हे धरण बांधलं आदिवासींची शेती भिजवायला. आता एमएमआरडीएच्या योजनेत रोजचे ४०३ दशलक्ष लिटर शहरांना: १८५ आपल्याला, २१८ मीरा-भाईंदरला. याविरुद्ध डहाणू, विक्रमगडचे आदिवासी रस्त्यावर उतरले. तेव्हा आपण कुठे होतो?

धरण म्हणजे नुसती भिंत. पाणी राखतं ते रान. मुळं माती धरतात, पाऊस जमिनीत मुरवतात. डोंगर बोडका झाला की तीच माती धरणात गाळ होऊन बसते. म्हणजे वारली, कातकऱ्यांनी राखलेल्या रानावर आपला नळ चालतो. त्या राखणीची मजुरी कोण देतं?

१९९७ साली न्यूयॉर्क शहराने करार केला. कॅट्स्किल डोंगरातली जमीन राखायला, तिथल्या शेतकऱ्यांना पैसे मोजले. त्यामुळे अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प टळला. हिमाचलात पालमपूरच्या नगरपरिषदेनेही २०१० साली वरच्या गावांशी असाच करार केला. मग आमच्या महापालिकेनं का करू नये?

पण सावध राहा! पैसा वनखात्याच्या तिजोरीत गेला तर कुंपण येईल, आणि मोळी आणणारी बाई चोर ठरेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखायचा हक्क ग्रामसभेला दिलाय. पैसा तिच्याच हातात पडला पाहिजे. दान म्हणून नाही, हक्क म्हणून. आणि शहराच्या आधी पाड्यावर नळ.

आता म्हणाल, आमच्यावरच पट्टी वाढेल. नालासोपाऱ्याच्या चाळीत आपण टँकरवाल्याला आधीच मोजतोय. म्हणून मागणी स्पष्ट करा: चाळ, झोपडपट्टीवर एक पैसा वाढवायचा नाही. ज्यांच्या टॉवरखाली पोहायचे तलाव आहेत, ज्यांचे कारखाने पाणी पितात, त्यांच्याकडून वसूल करा.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते माणूस म्हणून हक्क सांगायला. त्यांचं नाव घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या पाड्याची तहान गुमान पिऊ नये.

महापालिकेवर पाण्याचा मोर्चा नेऊच. पण त्याआधी धामणीच्या पाड्यांवर जाऊ, त्यांच्या मागण्या ऐकू. निवेदनात त्यांच्या मागण्या पहिल्या, आपल्या त्याखाली.