कुरण करपल्यावर
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शिक्षणाविषयी नेहमीचे चार शब्द न सांगता परदेशातील एखादी उपयुक्त गोष्ट सांगावी, अशी मंडळाची आज्ञा झाली. आपल्यापैकी पुष्कळांच्या दावणीला आजही जनावर आहे; म्हणून अमेरिकेतील पशुपालकांचा विषय मी निवडला आहे.

टेक्सास, नेब्रास्का, मोंटाना ह्यांसारख्या राज्यांत गुरे विस्तीर्ण कुरणांवर चरतात. पाऊस चुकला की मालकापुढे दोनच मार्ग उरतात: चारा विकत घेणे किंवा कळप विकणे. सारेच विकावयास निघाले म्हणजे भाव कोसळतो. आणि निवडून जोपासलेल्या गाई एकदा बाजारात गेल्या की तसा कळप पुन्हा उभा करण्यास वर्षे लागतात.

ह्यावर उपाय म्हणून २००८ च्या कृषी कायद्याने तेथे एक साहाय्य योजना आली. तिचा विशेष असा की, कोणाचे गवत किती करपले ह्याचा घरोघर पंचनामा होत नाही. नेब्रास्का विद्यापीठातील दुष्काळ केंद्र व सरकारी खाती मिळून १९९९ पासून दर आठवड्यास दुष्काळाचा नकाशा काढतात. तो गुरुवारी प्रसिद्ध होतो, आणि पशुपालक आपल्या काउंटीचा रंग पाहतो. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग.) चराईच्या हंगामात काउंटीच्या एखाद्या भागावर दुसऱ्या क्रमांकाच्या तीव्रतेचा दुष्काळ दिसला तरी तीन महिन्यांचे साहाय्य लागू होते, सर्वांत भीषण श्रेणी चार आठवडे राहिली तर पाच महिन्यांचे. कळपाचा खर्च किंवा कुरणाची शक्ती, ह्यांत जो आकडा कमी त्याच्या ६० टक्के रक्कम दरमहा धरतात. एका व्यक्तीस वर्षाला १,२५,००० डॉलर ही कमाल मर्यादा आहे. दुष्काळापायी आधीच्या दोन वर्षांत विकलेल्या जनावरांचाही कमी दराने विचार होतो. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते, कारण ज्याने वेळीच कळप कमी केला त्याला ती शिक्षा करीत नाही.

परंतु कागदावरील शहाणपण वेळेवर पोहोचले पाहिजे! ह्या योजनेची मुदत सप्टेंबर २०११ अखेर संपली, आणि २०१२ साली तेथे भयंकर दुष्काळ पडला. कायदेमंडळात नव्या कृषी कायद्याचा घोळ चालू राहिला. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये कायदा झाला, योजना कायमची झाली, आणि ऑक्टोबर २०११ पासूनच्या हानीला ती मागील तारखेने लागू केली. तोवर ज्यांनी गाई विकल्या होत्या त्यांच्या हाती पैसा आला, पण गाई आल्या नाहीत.

त्याच २०१२-१३ मध्ये आपल्या माण-खटावकडे चारा छावण्या उघडल्या होत्या. छावणीत जनावराच्या मुखात प्रत्यक्ष वैरण पडते, हा तिचा मोठा गुण. पण घरातील एक माणूस महिनोन् महिने तेथे अडकून राहतो. तेथील पशुपालक घरी राहून पैसा घेतो, मात्र वैरण त्याची त्यालाच शोधावी लागते, तीही सर्वांचीच मागणी वाढलेली असताना. कोणती रीत बरी, ह्याचा निवाडा मी करीत नाही.

एक गोष्ट मात्र तरुणांनी ध्यानी घ्यावी. तेथे अर्जासोबत जनावरांची संख्या दाखवावी लागते, आणि कुरण खंडाने घेतले असल्यास त्याचा पुरावाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या पडीक रानात तोंडी बोलीवर चारणाऱ्याजवळ असा कागद क्वचितच असतो.