प्रोस्टेटचा कर्करोग : भय आणि वस्तुस्थिती



सत्तरीच्या उंबरठ्यावरील गृहस्थाच्या तपासणीचा अहवाल येतो. त्यात ‘कर्करोग’ हा शब्द असतो. घर एकाएकी स्तब्ध होते. मुलगा डॉक्टरांना बाजूस घेऊन हलक्या आवाजात विचारतो, ‘‘बाबांजवळ आता किती दिवस आहेत?’’ प्रश्न मायेपोटी असतो. परंतु प्रोस्टेटच्या कर्करोगात विचारायचा पहिला प्रश्न तो नव्हे.

प्रोस्टेट अर्थात पुरःस्थ ग्रंथी केवळ पुरुषांत असते. मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती तिचे स्थान, आकार अक्रोडाएवढा. उतारवयात ती बहुतेकांची वाढते. ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. रक्तातील पी.एस.ए. या प्रथिनाचे प्रमाण जंतुसंसर्गानेही वाढते. ग्रंथीचे सूक्ष्म तुकडे तपासल्यावर, म्हणजे बायॉप्सीनंतरच, निदान निश्चित होते.

रुग्णाचे भवितव्य मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. रोग कोठवर पसरला आहे, ही पहिली. त्याच्या पेशी किती आक्रमक आहेत, ही दुसरी. आक्रमकतेचे मोजमाप अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांच्या नावाच्या गुणांकाने होते. ६ गुणांक असलेला रोग बहुधा संथ असतो. ८ ते १० गुणांकाचा आक्रमक.

या संदर्भात ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ हा अभ्यास उद्बोधक आहे. १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या, रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांचे त्यात तीन गट करण्यात आले. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, तर तिसऱ्या गटाच्या केवळ नियमित तपासण्या व गरजेनुसार उपचार. सुमारे पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या काळात एकूण ३५६ जण निवर्तले. परंतु त्यांपैकी प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू पावलेले केवळ ४५ होते. तिन्ही गटांत त्या मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय अंतर आढळले नाही. मात्र देखरेखीच्या गटात रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण शेकडा नऊच्या वर, म्हणजे अन्य गटांच्या सुमारे दुप्पट होते. उलटपक्षी, शस्त्रक्रियेमुळे लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता उणावण्याचा त्रास अधिक झाला. तात्पर्य, सौम्य रोगात घाबरून घाई करण्याचे कारण नाही. पण देखरेख म्हणजे दुर्लक्षही नव्हे.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोग हाडांत पोहोचला की तो समूळ बरा होणे दुरापास्त. तथापि तेथेही सर्व मार्ग खुंटत नाहीत. पुरुषी संप्रेरकांचा पुरवठा तोडल्यास हा रोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. इंजेक्शनाने वा वृषण काढण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेने हे साधते. त्याला नव्या औषधांची जोड मिळाल्याने अनेक रुग्ण काही महिने नव्हे, तर काही वर्षे जगतात. हाडे ठिसूळ होणे, अंगातून गरम वाफा निघणे, थकवा येणे, हे त्याचे मोल होय.

आपल्याकडे अनेक रुग्ण याच उशिराच्या अवस्थेत डॉक्टरांकडे पोहोचतात. प्रारंभी लक्षणे बहुधा नसतात. आणि जाणवली तरी लघवीच्या तक्रारी घरात बोलून दाखविण्याचा संकोच आड येतो. वडील वा भाऊ यांना हा रोग झाला असल्यास पन्नाशीपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेणे हितावह. लघवीतून रक्त जाणे वा कंबरेचे दुखणे हटत नसणे, हे अंगावर काढू नये. निदान झालेल्या रुग्णाच्या पायांतील शक्ती एकाएकी कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते.

आणि तो मुलगा? त्याने वडिलांना बाहेर बसवून एकट्याने आत जाऊ नये. दोघांनी मिळून विचारावे : रोग कोठवर आहे, गुणांक किती आहे, कोणत्या उपचाराने काय साधेल आणि काय गमवावे लागेल? देह ज्याचा, त्याला हे जाणण्याचा पहिला अधिकार आहे. सत्य कळल्याने धीर खचतोच असे नाही. पुष्कळदा तेथूनच धीराचा आरंभ होतो.