विजेवरची स्कूटर आणि उन्हाळ्यातलं चार्जिंग



पालीच्या बाजारात भाजीची टोपली, दुधाचा कॅन घेऊन येणाऱ्या गाड्यांत आता विजेवरच्या स्कूटरही दिसू लागल्या आहेत. गाडी चांगलीच आहे. पेट्रोलचा खर्च नाही, आवाज नाही. मात्र तिची बॅटरी घरात कुठं आणि केव्हा चार्ज करायची, हे नीट समजून घेतलं पाहिजे. सप्टेंबर 2022 मध्ये वसईला एका घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. तिथंच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवडाभरानं दगावला.

असं का होतं? ओल्या गवताची गंजी रचली तर ती आतून तापते, हे आपण जाणताच. वरून काही दिसत नाही, पण आत उष्णतेनं उष्णता वाढत जाते आणि एखादे वेळी गंजी पेट घेते. लिथियम बॅटरीचंही तसंच आहे. तिच्या पोटात लहान लहान घट असतात. त्यांतला एक बिघडून फार तापला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. आतला द्रव पेट घेणारा असतो. चार्ज होताना बॅटरी मुळातच थोडी तापते. त्यात बाहेरचं ऊन मिळालं की तिला निवायला वाव राहत नाही. आणि आपल्याकडचं ऊन काही साधं नाही. 28 मार्च 2017 ला आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला 46.5 अंश तापमान नोंदलं गेलं. बहुतेक लिथियम बॅटऱ्या 45 अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात.

म्हणून पहिली गोष्ट : वाकणहून किंवा खोपोलीहून भर दुपारी आलात की लगेच पिन खोचू नका. गाडी सावलीत लावा, तासभर निवू द्या. सरसगडाचा कातळ सूर्य मावळल्यावरही किती वेळ ऊब सोडतो ते आठवा. बॅटरीही बाहेरून गार लागली तरी आतून गरम असू शकते. कधी कधी पिन लावूनही चार्जिंग सुरूच होत नाही. बॅटरीतली नियंत्रक यंत्रणाच ती गरम आहे म्हणून नकार देत असते. अशा वेळी वायरी जोडून तिला फसवायला जाऊ नये.

वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावरची, किंवा पहाटे उठल्यानंतरची बरी. घरातलं कुणीतरी जागं असावं. रात्रभर लावून झोपण्याची सवय मोबाइलपासून लागली आहे, ती इथं सोडा.

जागा कोणती? पत्र्याची पडवी सोयीची वाटते, पण दुपारी तिथं भट्टी होते. पेंढा, सरपण, गोवऱ्या, पंपाचं डिझेल यांच्याजवळ तर मुळीच नको. माणसं झोपतात त्या खोलीत नको आणि बाहेर पडायच्या दारातही नको, कारण पेट घेतला तर वाटच अडते. कौलारू, वारा खेळता, पावसाचं पाणी न येणारा मोकळा कोपरा उत्तम. चार्जर जमिनीवर उघडा ठेवा. त्यावर गोणपाट किंवा कपडे टाकू नयेत. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा. स्वस्तातला दुसरा मिळतो, पण त्याचा व्होल्टेज जुळेलच असं नाही. भिंतीतला तीन पिनांचा पक्का सॉकेट आणि चांगलं अर्थिंग हवं. विहिरीच्या पंपाला अर्थिंग करून घेतो, मग घराला का नको? लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डावर हे काम करू नये.

बॅटरी फुगली, गोड-उग्र वास आला, फुसफुस आवाज झाला, तर हात लावू नका. जमल्यास दुरूनच मेन स्विच बंद करा, पोराबाळांना बाहेर काढा आणि 101 किंवा 112 ला फोन करा. आपण चटकन माती टाकतो. मातीनं ज्वाळा दबते, आतली उष्णता जात नाही. ही आग शांत करायला भरपूर पाणी लागतं आणि विझली वाटली तरी ती पुन्हा भडकू शकते. धूर विषारी असतो, म्हणून आत शिरून गाडी वाचवायला जाऊ नका.

पावसाळ्याचंही सांगतो. अंबेचं पाणी अंगणात आलं आणि गाडी बुडाली, तर वाळवून चार्ज करून पाहू नये. विक्रेत्याच्या माणसाला दाखवावी. नवी गाडी घेताना ती एआयएस 156 या चाचणीत बसलेली आहे का, हे विचारा. 2022 मधल्या आगींनंतर ही चाचणी अधिक कडक झाली. आणि निकामी बॅटरी भंगारवाल्याला विकू नये, गोठ्याच्या माळ्यावरही टाकून ठेवू नये. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ती विक्रेत्याकडंच न्या.