उत्तरे ठाऊक असलेला माणूस

(गणेशोत्सवात प्रश्नमंजूषेच्या अंतिम फेरीपूर्वी झालेल्या भाषणाचा मजकूर)



अंतिम फेरीला अजून अर्धा तास अवकाश आहे आणि तोवर मंडप शांत ठेवण्याची जबाबदारी सचिवांनी माझ्यावर टाकली आहे. विषय मीच निवडायचा होता. गेली बावीस वर्षे मी या मंडपात प्रश्न विचारत आलो. म्हणून आज, प्रश्न विचारण्याचेच काम ज्यांनी जवळजवळ जन्मभर केले अशा एका गृहस्थांविषयी चार शब्द बोलावे असे ठरवले. त्यांचे नाव अलेक्स ट्रेबेक.

हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. प्रश्नमंजूषा म्हटले की आपल्याला दूरदर्शनवरचे सिद्धार्थ बसू आठवतात आणि ३ जुलै २००० नंतर अमिताभ बच्चन. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने 'कौन बनेगा करोडपती'मध्ये एक कोटी जिंकले, तेव्हा आपल्या भिलाईतल्या कित्येक मराठी घरांत जणू घरचाच मुलगा जिंकला होता. पण अमिताभजी त्या खुर्चीत बसले ते आधीच मोठे नट म्हणून. ट्रेबेक यांच्यामागे असे वलय नव्हते. ते गायक नव्हते, नट नव्हते, विनोदवीरही नव्हते. दुसऱ्यांचा खेळ नीट चालवणे हाच त्यांचा व्यवसाय, आणि त्यातच त्यांनी नाव कमावले.

त्यांचा जन्म २२ जुलै १९४० चा, कॅनडातल्या सडबरी गावचा. सडबरी हे निकेलच्या खाणींसाठी प्रसिद्ध. दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर पोसलेल्या आपल्या गावाला ते परके वाटू नये. वडील युक्रेनमधून आलेले. त्यांचे मूळ आडनाव टेरेबेयचुक, पण परक्या मुलखात ते कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून त्याचे ट्रेबेक झाले. वडील हॉटेलात आचारी होते. आई फ्रेंच भाषक, त्यामुळे घरात फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषा. घरात एक भाषा, बाहेर दुसरी आणि आडनाव तिसऱ्याच मुलखाचे, ही परिस्थिती आपल्या मुलांना समजावून सांगायला नको!

अलेक्स यांनी ओटावा विद्यापीठातून १९६१ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेत, म्हणजे सीबीसीत, नोकरी धरली. दोन्ही भाषा येत असल्यामुळे बातम्या सांगा, हवामान सांगा, जे पडेल ते काम ते करत. १९६६ पासून शाळकरी मुलांची 'रीच फॉर द टॉप' ही प्रश्नमंजूषा त्यांनी चालवली. १९७३ मध्ये ते अमेरिकेत गेले. तिथे पहिला कार्यक्रम वर्षभरात बंद पडला. दुसरा आला, तोही बंद झाला. तिसरा, चौथा... जवळजवळ दहा वर्षे असेच चालले. चाळिशी उलटून गेली तरी 'हे अमक्या कार्यक्रमाचे ट्रेबेक' अशी कायमची ओळख तयार झाली नव्हती. १० सप्टेंबर १९८४ रोजी त्यांचा 'जेपर्डी' सुरू झाला, तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते.

या खेळाचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत काही लोकप्रिय प्रश्नमंजूषांमध्ये ठरावीक स्पर्धकांना आधीच उत्तरे पढवली जात, हे उघडकीस आले. १९५९ मध्ये अमेरिकी संसदेपुढे साक्षी झाल्या आणि १९६० मध्ये असे करणे हा गुन्हा ठरला. प्रेक्षकांचा विश्वासच उडाला. त्या काळात मर्व्ह ग्रिफिन हे निर्माते नव्या कार्यक्रमाच्या शोधात होते. त्यांच्या पत्नीने सुचवले की उत्तरे दिल्याचा एवढा गवगवा झाला आहे, तर आपण उघडपणे उत्तरेच देऊ आणि स्पर्धकांना प्रश्न करायला लावू. मुलांनो, फळ्यावर 'नाशिक या नदीच्या काठी वसले आहे' असे आले, तर तुम्ही 'गोदावरी म्हणजे काय?' असे म्हणायचे. १९६४ मध्ये आर्ट फ्लेमिंग यांच्या सूत्रसंचालनाखाली हा कार्यक्रम आला, १९७५ मध्ये थांबला, आणि ट्रेबेक यांच्याबरोबर पुन्हा उभा राहिला.

उत्तरे फोडली जाण्याच्या अशा इतिहासातून आलेल्या खेळात, सगळी उत्तरे हातात असलेला माणूस किती जपून वागला पाहिजे! खेळ सुरू होण्याआधी ट्रेबेक स्पर्धकांना भेटत नसत, कारण त्यांनी त्या दिवसाची उत्तरे वाचलेली असत. एका भागात एकसष्ट प्रश्न. एका दिवशी पाच भागांचे चित्रीकरण. म्हणजे दिवसाला तीनशे पाच प्रश्न. सकाळी लवकर स्टुडिओत येऊन ते सगळे वाचून काढायचे, परक्या नावांच्या उच्चारांच्या खुणा करून ठेवायच्या, काही अस्पष्ट वाटले तर लेखकांशी बोलायचे. हे सगळे प्रेक्षकांना कधी दिसले नाही. दिसला तो फक्त स्वच्छ उच्चार.

त्या उच्चारावर स्पर्धकाचे नशीब अवलंबून असे. सुरुवातीला प्रश्न वाचून होण्याआधीच बझर दाबता येई. १९८५ पासून नियम बदलला. वाचन पूर्ण झाल्यावर फळ्याच्या कडेचे दिवे लागतात आणि मगच बझर चालू होतो. त्याआधी घाई केली तर पाव सेकंद बझर बंद! तिन्ही स्पर्धक सूत्रसंचालकाच्या शेवटच्या अक्षराकडे कान लावून असतात. तो अडखळला, एकाकडे पाहून थबकला किंवा उगाच लांबण लावली, तर कुणावर तरी अन्याय होणार. आपल्या बझरची वायरिंग आपलेच इलेक्ट्रिकलवाले करतात आणि ती अधूनमधून रुसते, पण तत्त्व तेच आहे.

ट्रेबेक यांचा एक आग्रह मला फार आवडतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदक त्यांची ओळख करून देत असे. त्यात आपल्याला 'स्टार' म्हणू नये, 'होस्ट' म्हणावे, असे त्यांनी पहिल्यापासून बजावले होते. होस्ट म्हणजे यजमान. आपल्याकडे पंगतीत यजमान शेवटी जेवतो. पाहुण्यांची पाने वाढली का, कुणाला काही कमी पडले का, हे तो पाहतो. कार्यक्रमाचे स्टार कोण, तर ते तीन स्पर्धक. २००४ मध्ये केन जेनिंग्ज नावाचा तरुण सलग चौऱ्याहत्तर वेळा जिंकला आणि त्याने पंचवीस लाख डॉलरहून अधिक रक्कम नेली. त्या सहा महिन्यांत सगळीकडे जेनिंग्ज यांचेच नाव होते आणि ट्रेबेक शेजारी उभे राहून शांतपणे प्रश्न वाचत होते.

शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय भूगोल स्पर्धेची अंतिम फेरीही त्यांनी १९८९ पासून पंचवीस वर्षे चालवली. २०१२ मध्ये ती जिंकणारा टेक्सासचा मुलगा नागवेकर आडनावाचा होता, हे ऐकून इथल्या कोकणातल्या मंडळींनी टाळ्या वाजवायला हरकत नाही! २०१४ मध्ये एकाच कार्यक्रमाचे ६,८२९ भाग चालवल्याबद्दल ट्रेबेक यांचे नाव गिनीज बुकात गेले. शेवटी हा आकडा ८,२०० च्या पुढे पोचला.

मार्च २०१९ मध्ये त्यांनी स्वतःच एक छोटी चित्रफीत काढून सांगितले की आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि तो चौथ्या टप्प्यात आहे. तेही कसे? करार अजून तीन वर्षांचा आहे, तेव्हा बरे होणे भागच आहे, असे हसत सांगितले. वर्षभराने, या टप्प्यातले शंभरातले अठराच रुग्ण एक वर्ष पार करतात आणि आपण ते पार केले, हेही त्यांनी प्रेक्षकांना कळवले. वेदना किती होतात, मन किती खचते, हेही लपवले नाही. केमोथेरपी चालू होती आणि चित्रीकरणही चालू होते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला एक प्रसंग सांगतो. अंतिम प्रश्नाला भारतीय नावाच्या एका कॉलेज विद्यार्थ्याला उत्तर येत नव्हते. त्याने पाटीवर उत्तराऐवजी लिहिले की अलेक्स, आमचे तुमच्यावर प्रेम आहे. त्याच्याकडे दोन हजार डॉलर होते, त्यातले पाच उरले. ट्रेबेक यांनी ते नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतले आणि त्यांचा आवाज भरून आला. आभार मानले आणि पुढच्या स्पर्धकाकडे वळले. कारण खेळ अजून संपला नव्हता.

त्यांनी शेवटचे चित्रीकरण २९ ऑक्टोबर २०२० ला केले. ८ नोव्हेंबरला ते गेले. मध्ये फक्त दहा दिवस. शेवटच्या आठवड्याचे भाग जानेवारी २०२१ मध्ये दाखवले गेले. त्यातल्या एका भागात त्यांनी प्रेक्षकांना विनंती केली, ती स्वतःसाठी नव्हती. करोनामुळे ज्यांचे हाल होत आहेत त्यांच्यासाठी काही करा, एवढेच सांगितले.

मंडळी, आता थोडे घरचे बोलतो. मी सेवानिवृत्त झालो आहे. डिसेंबरात क्वार्टर सोडून नागपूरला मुलाकडे जाणार. प्रश्नमंजूषेचा माईक आजपासून आपल्याच सेक्टरमध्ये वाढलेल्या एका तरुण शिक्षिकेच्या हाती जातो आहे. तिचे मराठी आपल्यासारखे नाही, मध्येच हिंदी येते, अशी कुजबुज माझ्या कानावर आली आहे. खरे आहे, येते. ती इथे जन्मली. आपण मराठी घेऊन आलो, तिने ते इथे शिकले, आणि शाळेत हिंदी-इंग्रजीचा अभ्यास सांभाळून शिकले. आपल्यापेक्षा तिचे कष्ट जास्त आहेत. आठवीत असताना याच मंडपात, याच टेबलामागे बसून ती ही स्पर्धा जिंकली होती. मी प्रश्न विचारत होतो.

आणि अमेरिकेत ट्रेबेक यांच्या जागी आज कोण उभे आहे, ठाऊक आहे? तेच केन जेनिंग्ज, चौऱ्याहत्तर वेळा जिंकलेले. जो स्पर्धकाच्या जागी उभा राहिला आहे, बझरवर ज्याचा अंगठा थरथरला आहे, त्याला समोरच्याची धडधड कळते. आपल्या नव्या सूत्रसंचालिकेलाही ती कळेल, याबद्दल मला शंका नाही.

तिला मी ज्येष्ठ म्हणून तीनच गोष्टी सांगतो. प्रश्न आदल्या रात्री मोठ्याने वाचून पाहा. मुलाचे उत्तर चुकले तर मंडपाला हसू देऊ नकोस. आणि टाळ्या आल्या की दोन पावले मागे सर. आपल्या मंडळींनाही एक विनंती आहे. पुढच्या वर्षी ती कुठे 'मतलब' म्हणाली, तर उठून सुधारू नका. घरी चहाला बोलवा आणि तिथे मराठीत भरपूर गप्पा मारा.

बझर तपासून झाल्याची खूण सचिव करत आहेत. माझे दोन शब्द इथेच संपवतो. बालमित्रांनो, प्रश्न पूर्ण ऐका, मगच बटण दाबा.

गणपती बाप्पा मोरया!