गणतीपुरते हिंदू

(शेलार, ता. भिवंडी येथे युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय दिलाय 'इंग्रजांचा वारसा आणि देशातली फूट'. हा विषय निघाला की शाळेत पाठ केलेलं एक वाक्य सगळ्यांच्या जिभेवर तयार असतं. फोडा आणि झोडा. इंग्रज आले, त्यांनी आपल्याला फोडलं आणि गेले. त्याआधी म्हणे आपण सगळे एका पंगतीत बसत होतो! मला या वाक्याचा राग येतो. महारवाडा इंग्रजांनी वसवला नाही. पाणवठे त्यांनी वेगळे केले नाहीत. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवायला लंडनहून साहेब आला नव्हता. ही फूट घरची आहे, अस्सल देशी आहे.

मग इंग्रजांनी केलं काय? इंग्रजांनी मोजलं. 1872 साली देशभरची पहिली खानेसुमारी झाली आणि माणूस रकान्यात बसला. धर्म कोणता, जात कोणती, एकच लिहा. 1901 च्या गणतीचा कमिशनर हर्बर्ट रिस्ले. नाकाची रुंदी मोजून जातीची उंची सांगणारा हा विद्वान! त्यानं जाती वरपासून खालपर्यंत पायरीनं लावायला घेतल्या, आणि आमची पायरी वर धरा म्हणून जातीजातींचे अर्ज सुरू झाले. पायऱ्या जुन्याच होत्या, आता त्यांच्यावर सरकारी शिक्का बसला. पण गोष्ट इथं थांबली असती तर नुसता कागद वाया गेला असता. पुढं त्या आकड्यांवर सत्तेचं वाटप सुरू झालं.

इथं नीट लक्ष द्या. 1 ऑक्टोबर 1906 ला आगाखानांचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोला भेटलं. त्यांचं एक म्हणणं असं होतं की हिंदूंची संख्या फुगवलेली आहे, त्यात अस्पृश्य आणि आदिवासी धरलेत ते वगळा. 1909 च्या कायद्यानं मुसलमानांना वेगळे मतदारसंघ मिळाले. 1910 साली गणती कमिशनर गेट यानं एक परिपत्रक काढलं. हिंदू म्हणून लिहिले जाणारे सगळे खरोखर हिंदू आहेत का, हे तपासायला दहा कसोट्या दिल्या. ब्राह्मणाचं श्रेष्ठत्व मानता का? वेद मानता का? देवळाच्या गाभाऱ्यात जाता येतं का? तुमच्या स्पर्शानं विटाळ होतो का? गोमांस खाता का?

कसोट्या लावल्या असत्या तर आपले बापजादे एकजात नापास झाले असते. आणि मग हिंदूंचा आकडा केवढा खाली आला असता, याचा हिशेब ज्यांना करता येत होता त्यांनी तो केला. काँग्रेस स्थापन झाली 1885 ला. अस्पृश्यांवरची बंधनं काढा असं सांगणारा तिचा ठराव आला 1917 ला, कलकत्त्याच्या अधिवेशनात. 32 वर्षं आम्ही कुणाला दिसलो नाही. 1916 ला लखनौ करारात मुसलमानांच्या जागा ठरल्या आणि पुढच्याच वर्षी आम्ही दिसायला लागलो! गणतीच्या रकान्यात आम्ही हिंदू झालो तो मुहूर्त हा. विहिरीवर नाही झालो. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांबरोबर गेलेल्या लोकांना मार खावा लागला. रकान्यातल्या हिंदूंना रकान्यातल्या हिंदूंनीच मारलं.

बाबासाहेबांनी हा रकाना ओळखला होता. साहेबानं मोजलंय ना, मग त्या मोजणीवर आमचा हिस्सा टाका, असं ते गोलमेज परिषदेत म्हणाले. जे हत्यार आम्हाला अडवायला घडलं नव्हतं आणि सोडवायलाही घडलं नव्हतं, ते त्यांनी उचललं. 1932 च्या ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला, स्वतंत्र मतदारसंघांतून 71 जागा मिळाल्या. गांधींनी येरवड्याला उपास धरला, 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा 148 झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त. म्हणजे माणूस आमचा, निवडणारे ते. स्वातंत्र्यानंतर 1952 ला खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून राखीव जागेवर काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पडले. यावर अजून काही सांगायला हवं का?

आता दुसरा रकाना. जेम्स मिल नावाच्या माणसानं 1817 साली हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. आयुष्यात तो इथं कधी आला नाही. या इतिहासानं काळाचे तुकडे पाडले : हिंदू काळ, मुसलमानी काळ आणि मग इंग्रजी अंमल. पहिल्या दोन्हींना राजाचा धर्म हे नाव, तिसऱ्याला मात्र ख्रिस्ती नाही म्हणायचं! ही विभागणी क्रमिक पुस्तकांत गेली आणि इंग्रज गेले तरी पोरांच्या डोक्यातून गेली नाही. या चौकटीत शिवाजी महाराज बसवले की ते फक्त मुसलमानांशी लढणारे राजे उरतात. जोतीरावांनी 1869 ला पोवाडा लिहिला तो शूद्रांच्या राजाचा. 1896 पासून टिळकांनी उत्सव उभा केला त्यात राजा गोब्राह्मणप्रतिपालक झाला. आरमारातला दौलतखान, पत्रव्यवहार बघणारा काझी हैदर, हे मिरवणुकीत कुठंच नसतात. 1657 च्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत जहाजं बांधायला लावली, हे तरी भिवंडीच्या मिरवणुकीत कुणी सांगतं का?

7 मे 1970. भिवंडीत शिवजयंतीची मिरवणूक. आसपासच्या गावांतून माणसं लाठ्या घेऊन आली होती. त्या मे महिन्यात भिवंडी पेटली, जळगाव पेटलं, महाडही पेटलं. होय, चवदार तळ्याचं महाड. न्या. डी. पी. मादन यांचा आयोग बसला. त्यांचा अहवाल मिळेल तिथून मिळवून वाचा, आपल्याकडचा असा कागद क्वचितच निघतो. मिरवणुकीतल्या लोकांनी मुद्दाम चिथावणी दिली, पोलीस तटस्थ राहिले नाहीत आणि तपासासाठी नेमलेलं खास पथकसुद्धा एका बाजूला झुकलं, हे एका न्यायाधीशानं सरकारच्या तोंडावर लिहून दिलं. सरकारनं अहवालाचं काय केलं ते 1984 ला दिसलं. मे महिन्यात भिवंडी, ठाणे, मुंबई पुन्हा पेटली आणि अडीचशेहून अधिक माणसं मेली.

1984 ला मी सातवी पास होऊन आठवीत जाणार होतो, सुट्टीत कांड्या भरायला कारखान्यात जायचो. गडबड सुरू व्हायच्या आधी एक गृहस्थ आमच्या आळीत आले. नाव घेत नाही. हातात वही होती. म्हणाले, आपल्या लोकांची यादी करतोय, घरात जवान पोरं किती? माझ्या बापानं विचारलं, आपल्या म्हणजे कुणाच्या? ते म्हणाले, अरे आपण सगळे हिंदूच ना? बाप म्हणाला, दादा, दोन वर्षांमागं तुमच्याकडं लग्न होतं तेव्हा आमच्या पत्रावळ्या कुठं मांडल्या होत्या ते आधी वहीत लिहा. गृहस्थ वही मिटून निघून गेले. सगळ्याच आळ्यांतून ते असे रिकाम्या हातानं गेले असतील असं मी म्हणणार नाही. आपलीही पोरं गेली होती. काही नुसत्या वडापाववर गेली.

या दोन दंग्यांच्या मध्ये एक साल आहे, 1978. 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या जळल्या. तेव्हा कुणी म्हणालं का, की हिंदूंची घरं जळतायत? 1970 ला आपण हिंदू, 1978 ला महारडे, 1984 ला परत हिंदू. वर्गात हजेरी घेताना मास्तर सुद्धा इतक्यांदा नाव बदलत नाही! 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. 16 वर्षं लागली एका पाटीला.

आणि समोरचा मुसलमान? तोही एक रकाना भरून काढलेला माणूस आहे. भिवंडीचे अन्सारी, मोमीन म्हणजे विणकर. इंग्रजांच्या मालानं हातमागाचा गळा घोटला, 1857 नंतर उत्तरेत धरपकड झाली, दुष्काळ पडले, तेव्हा हे लोक आग्रा रोड धरून इकडं खाली आले. त्यांच्यातलेच उच्चवर्णीय त्यांना जुलाहा म्हणून हिणवत. अब्दुल कय्यूम अन्सारींची मोमीन कॉन्फरन्स जीनांच्या द्विराष्ट्रवादाच्या विरोधात उभी होती. पण 1946 ला मत होतं कुणाला? शेतसारा भरणाऱ्याला, शिकलेल्याला. मागावर बसणाऱ्या बहुतेकांना मतच नव्हतं. त्यांच्या नावानं कौल घेतला नवाबांनी आणि जमीनदारांनी, आणि फाळणीचा शिक्का बसला यांच्या कपाळावर. आपल्या नावानं राखीव जागेवर दुसऱ्यांचा माणूस निवडून येतो आणि यांच्या नावानं नवाब बोलतो. मला यात फार फरक दिसत नाही.

कारखान्यात या. धोटा धडाधड इकडून तिकडं पळतोय, कानाचे पडदे फाटतायत. लूमवर उत्तर प्रदेशचा अन्सारी, पलीकडच्या लूमवर तेलंगणाचा पद्मशाली, कांड्यांवर आपली बाई, बीम खांद्यावर घेणारा बिहारचा पोरगा. पाळी 12 तासांची, पगार मीटरवर. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या मोडल्या आणि कापडाचं काम या गाळ्यांत आलं. गिरणीत युनियन होती, प्रॉव्हिडंट फंड होता. इथं मुकादमाचं तोंड. या चौघांनी एकदा एकत्र बसून मीटरचा भाव काढला तर शेठची झोप उडेल, आणि शेठ हिंदू आहे का मुसलमान याला तिथं काही किंमत राहणार नाही. दंगल झाली की चौघं चार वस्त्यांत जातात. परत येतात तेव्हा एकमेकांच्या डब्यातलं खात नाहीत.

पोलीस चौकीवर आणखी एक वही असते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारधी, कैकाडी अशा जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. चोरी कुठंही झाली तरी पाल कुणाचं उधळतात ते तुम्हाला माहीत आहे.

हा आपल्याच देशाचा आजार आहे असं समजू नका. आफ्रिकेत रवांडा म्हणून चिमुकला देश आहे. बेल्जियमच्या साहेबानं तिथं 1933 पासून ओळखपत्रं वाटली, त्यावर हुतू, तुत्सी की त्वा ते लिहिलं. भाषा एक, धर्म एक, गावं एक. 1962 ला देश स्वतंत्र झाला, पण कार्डावरचा तो रकाना तसाच ठेवला, कारण नव्या राज्यकर्त्यांना तो सोयीचा होता. 1994 ला रस्त्यारस्त्यांवर नाकी लावून कार्डं तपासली आणि सुमारे 100 दिवसांत अंदाजे 8 लाख माणसं कापली. रकाना साहेबाचा होता. हात मात्र शेजाऱ्याचे.

भिवंडीला एक चांगली गोष्टही घडली, ती सांगायला हवी. 1988 ला इथं सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. नळाचं भांडण, गटाराचं भांडण, पोरापोरींचं भांडण, सगळं आधीच त्या बैठकीत मिटवायचं. डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 ला शेजारी मुंबईत 900 माणसं मेली आणि भिवंडी शांत राहिली. खाकीचं कौतुक मी सहसा करत नाही, या माणसाचं करतो. पण तिथं बसायचं ते सुद्धा हिंदूंचे म्हणून किंवा मुसलमानांचे म्हणून. आपण नेमके कुणाकडून बसायचं?

म्हणून आता कामाचं बोलतो. सगळ्या जातींची गणती इंग्रजांनी शेवटची केली ती 1931 ला. स्वातंत्र्यानंतर जनगणनेत फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या. 30 एप्रिल 2025 ला केंद्र सरकारनं पुढच्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजायचं ठरवलं. झालं, पोरं विचारायला लागली : सर, बौद्ध लिहू की हिंदू महार? सवलत जाईल का?

ही भीती कुठून आली ते सांगतो. इंग्रजांनी 1936 ला अनुसूचित जातींची यादी काढली तेव्हाच ख्रिस्ती बाहेर ठेवले होते. 1950 च्या आदेशात आपल्या सरकारनं एकाच धर्माची अट घातली, हिंदू असाल तरच अनुसूचित जात. 1956 ला शीख आत घेतले. त्याच साली नागपूरला आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडलो. महाराष्ट्रानं राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राची दारं 1990 ला उघडली. 34 वर्षं! या 34 वर्षांत किती घरांनी पोटासाठी दाखल्यावर हिंदू लिहिलं असेल. मी त्यांना दोष देत नाही. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान मात्र आजही बाहेर आहेत, त्यांच्यासाठी 2022 ला बालकृष्णन आयोग नेमला. आपण आत आलो म्हणून दार लावून घ्यायचं का, यावर पुढच्या वर्गात भांडू या.

तर 1990 पासून बौद्ध लिहिल्यानं सवलत जात नाही. धर्म बौद्ध, आणि अनुसूचित जातीच्या प्रश्नाला दाखल्यावर आहे ते मूळ जातीचं नाव. जे नाव टाकून आलो तेच परत लिहायचं, हे कडू आहे. पण यादीत बौद्ध नावाची जात नाही, आणि यादीत नसलेलं लिहिलं तर आकड्यातून आपणच बाहेर. 2011 ला महाराष्ट्रात बौद्ध 65 लाख निघाले. जयंतीची गर्दी आठवा आणि हा आकडा बघा, म्हणजे किती जण दुसऱ्या रकान्यात पडले असतील ते कळेल.

या वेळी मोजणारा मोबाईल घेऊन येणार. त्याला घरात बसवा, पाणी द्या, आणि शेजारी बसून तो काय दाबतोय ते वाचा. आडनाव ऐकून त्यानं सवयीनं हिंदू दाबलं तर तिथल्या तिथं थांबवा, दुरुस्त करून घ्या. म्हाताऱ्या माणसांना आणि दिवसभर लूमवर असणाऱ्या बायकांना हे आधी जाऊन सांगावं लागेल. शेलारच्या आळ्या आत्ताच वाटून घ्या. नदीनाक्याच्या बाजूची कुणाकडं, वाडा रोडची कुणाकडं, नावं इथं पुढं येऊन सांगा. वही माझ्याकडं आहे.